चौथी पायरी

तिसरी पायरी पाण्याखाली गेली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. भाऊजींनी वहीत वेळ टिपली आणि हॉलच्या दारातूनच सांगितलं, "वहिनी, तीन गेल्या. तीन उरल्या."

"उरल्या म्हणू नका, भाऊजी. आत चाळीस माणसं कान टवकारून बसलीत."

भाऊजींचा धंदा चष्म्यांचा. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून ते दिवसभर भिंगं घासत. स्वतःला मात्र समोरची गोष्ट दिसायला जरा वेळ लागतो, हे ते हसत कबूल करत. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. त्या पूर्वी शाळेत भूमिती शिकवत. ती नोकरी सुटल्यावर त्यांनी लोकांच्या हरवलेल्या वस्तू आणि दडवलेल्या गोष्टी शोधून देण्याचा उद्योग सुरू केला, आणि दुकानातल्या दिराला दर वेळी 'जरा चला बरोबर' म्हणत त्यात ओढलं.

काल दुपारी दुकानात एक मुलगी आली होती. नगरपालिकेच्या सर्वेक्षण कचेरीत काम करणारी. खालच्या आळीतले लोक तिला नकाशेवाली म्हणत. अडतीस वर्षांपूर्वीच्या महापुरात पाणी कुठवर चढलं होतं, हे ती दोन वर्षं दारोदार विचारत फिरली होती. कुणी खिडकीचा गज दाखवला, कुणी भिंतीतला कोनाडा, कुणी नुसताच स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. एका माणसाला एक पान, पानावर त्याचे शब्द, खाली तिने काढलेलं चित्र. त्या वहीवरून पूररेषेचा नकाशा झाला, आणि नकाशावरून ठरलं की पाणी आलं तर लोकांना कुठे हलवायचं. यादीत पहिलं नाव या जुन्या धान्यगोदामाच्या हॉलचं होतं.

आईच्या ऑपरेशनसाठी ती तीन महिने रजेवर होती. परत आली तोवर नकाशा छापून भिंतीवर लागला होता आणि तिच्या वहीतलं एक्केचाळिसावं पान ब्लेडने कापलेलं होतं. ते पान याच इमारतीचं होतं.

"काय होतं त्या पानावर?" वहिनींनी विचारलं होतं.

"गोदामात धान्य तोलणारे काटेवाले आजोबा. महापुरात ते तिथेच अडकले होते. म्हणाले, पाणी चौथ्या पायरीला लागलं, पाचवी कोरडी राहिली. मी चित्र काढलं होतं."

"कुठल्या पायऱ्यांचं?"

मुलीने वहीतल्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "शपथेवर नाही सांगता येणार. दोनशेच्या वर घरं झाली. आठवायला गेले की जे आठवावंसं वाटतं तेच दिसतं. आणि आजोबा मागच्या वर्षी गेले."

दुकानातून ती गेल्यावर वहिनी म्हणाल्या होत्या, "खोटं बोलायचं असतं तर पोरीने एका दमात सांगितलं असतं."

पायऱ्या दोन ठिकाणी होत्या, हीच तर गोम. बाहेर अंगणातून हॉलच्या दारापर्यंत सहा पायऱ्या. आत हॉलमधून माळ्यावर जाणारा बारा पायऱ्यांचा लाकडी जिना. नकाशा सांगत होता, बाहेरची चौथी. मग हॉलची जमीन पाण्यापेक्षा दोन पायऱ्या वर, म्हणजे कोरडी. पण आजोबांनी आतली चौथी सांगितली असेल, तर या हॉलमध्येच मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत आणि लहान मुलाच्या गळ्यापर्यंत पाणी येणार होतं.

आज सकाळी वहिनी, भाऊजी आणि नकाशेवाली, तिघं हॉल बघायला आली ती अशी अडकली. बघता बघता रस्ता गेला. कचेरीचा भोंगा आळीतून फिरला आणि लोक पोराबाळांसकट इथे चढले. शेवटच्या खेपेला होडीतून कचेरीतले अभियंता साहेब आणि नकाशे आखणारा त्यांचा आरेखक उतरले. होडी गेली ती परतलीच नाही. फोन सकाळपासून मुके होते. हॉलच्या मालकाचा रेडिओ तेवढा चालू होता, आणि त्याने नुकतंच सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंत पाणी त्या जुन्या महापुराच्या रेषेला टेकेल.

"म्हणजे चौथ्या पायरीला," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "नकाशात आहे. कुणी घाबरायचं कारण नाही."

नकाशेवालीने मागची खिडकी उघडली. खाली अरुंद गल्ली, तिच्यात छातीला येईल इतकं संथ पाणी, आणि पलीकडे पंचवीस पावलांवर टेकाडावरची शाळा. "साहेब, आत्ता दोर बांधून पलीकडे जाता येईल. नंतर नाही. ती गिरणीची भिंत प्रवाह अडवतेय म्हणून गल्ली शांत आहे. परीटकाकांनी सांगितलं होतं, भिंत बुडाली की ही गल्ली नदी होते. ते पान अजून वहीत आहे."

"आणि तुला न आठवणाऱ्या चित्रासाठी मी सात म्हाताऱ्यांना आणि अकरा पोरांना त्या पाण्यात उतरवू? एखादं हातातून निसटलं तर? पुरावा आण, मग बोल."

वहिनींनी भाऊजींच्या वहीत डोकावलं. "दुसरी पायरी साडेअकराला गेली, तिसरी बारा दहाला. चाळीस मिनिटांना एक. गिरणीची भिंत पाण्यावर किती दिसते?"

भाऊजींनी डोळे बारीक केले. "दोन पायऱ्यांइतकी."

"मग दीड वाजता ती जाणार. आणि दीडलाच आपली पाचवी पायरी जाणार. म्हणजे नकाशा खोटा आहे हे पाण्याने स्वतः सिद्ध करेपर्यंत थांबलो, तर सिद्ध होईल त्याच मिनिटाला वाट बंद." वहिनींनी पदर खोचला. "माणसं उतरवायला अर्धा तास. एकच्या आत ठरवायला हवं. चला, भाऊजी. डोळे उघडे ठेवा."

"उघडेच आहेत," भाऊजी उठत म्हणाले आणि उंबऱ्यात अडखळले. उंबऱ्याच्या दगडावर चाकांनी पाडाव्या तशा दोन खोल चऱ्या होत्या, आतून थेट बाहेरच्या कडेपर्यंत गेलेल्या. खाली पाण्याबाहेर उरलेल्या पायऱ्यांच्या कडा मात्र नव्याकोऱ्या साबणाच्या वडीसारख्या धारदार होत्या. वहिनी क्षणभर थांबून दोन्हीकडे बघत राहिल्या, आणि आत वळल्या.

हॉल म्हणजे एके काळचं गोदाम, अलीकडे शिवणक्लासला दिलेलं. शिलाई यंत्रं एका भिंतीला रेटून ठेवलेली. ओल्या कपड्यांचा आणि माणसांचा वास कोंदलेला. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, आणि त्यामुळे अंगणातल्या पाण्याचा चुबुक चुबुक आवाज सतत ऐकू येत होता. दर थोड्या वेळाने कुणीतरी उठून दारापर्यंत जाई, खाली बघे, आणि परत येऊन बसे.

कामात होता तो एकटा आरेखक. तिशीचा, हडकुळा, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. आल्यापासून त्याने बूड टेकलं नव्हतं. पिण्याच्या पाण्याचं पिंप त्याने माळ्यावर चढवलं होतं, बिस्किटांचे पुडे वर नेले होते, आणि आता पोरांना एकेक करून वर नेत होता.

"देव माणूस आहे," एक बाई म्हणाली. "स्वतःची पिशवी अजून कोपऱ्यात जमिनीवर पडलीय, पण आमच्या पोरांची केवढी काळजी."

"द्या, एक मी घेतो," म्हणत भाऊजींनी एक चार वर्षांची पोर उचलली आणि त्याच्या मागून जिना चढू लागले. पहिल्या चार पायऱ्या गुमान होत्या. पाचवीने कुरकुर सुरू केली ती शेवटपर्यंत. वर खिडकी नव्हती. काळोख असा की पुढचा माणूस दिसेना. आरेखक खांद्यावरच्या मुलाचं डोकं हाताने खाली दाबून, स्वतः वाकून, सरळ आत गेला. भाऊजींचं कपाळ आडव्या तुळईवर असं आदळलं की डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"लागलं?" खांद्यावरची पोर म्हणाली. "मघाशी त्या साहेबांना पण लागलं. ते वाईट शब्द बोलले."

भाऊजी कपाळ चोळत खाली आले तेव्हा वहिनी जिन्यापाशी उकिडव्या बसून पायऱ्यांवरून बोटं फिरवत होत्या. सहाव्या पायरीवर औषधांचा डबा ठेवलेला होता.

"तुमचं कपाळ सुजलंय," त्या म्हणाल्या.

"कळलं. वर तुळई आहे. आरेखक मुलाचं डोकं दाबून वेळेत वाकला, मी नाही."

"छान झालं."

भाऊजींनी ओला रुमाल कपाळाला लावला.

मालक दाराजवळ उभा होता. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, आवाज मोठा. त्याच्या पायाशी, वारा लागेल अशा बेताने, जमिनीवर गादी घालून त्याची म्हातारी आई निजली होती.

"आजींना माळ्यावर नेऊ या का?" वहिनींनी विचारलं.

"कशाला? तिला दमा आहे. वर गुदमरेल. इथे दाराशी हवा आहे आणि जमीन खडखडीत आहे. शिवाय माळ्याला वाळवी लागलीय. दहापेक्षा जास्त माणसं चढली तर सगळे खाली येतील, ते नको असेल तर त्या आरेखकाला आवरा."

"महापुरात तुम्ही इथे होता?"

"सात वर्षांचा होतो. आई आणि मी मामाकडे. वडील गेले त्यालाही वीस वर्षं झाली."

"कचेरीत नकाशा बघायला गेला होता म्हणे तुम्ही."

मालकाने मान हलवली. "गेलो होतो. लपवायचं काय त्यात? वर मजला चढवायचाय मला. पूररेषेत इमारत आली तर परवानगी मिळत नाही. तासभर बसवून ठेवलं वह्यांच्या कपाटासमोर. कपाट उघडंच होतं."

"वही चाळलीत?"

"चाळली की. पण बाई, त्या पोरीचं अक्षर बघितलंय का तुम्ही? मला वाचता येईना, तर नेमकं पान शोधून कापू कसा?"

भाऊजींना हसू आलं. वहिनी म्हणाल्या, "पायऱ्या छान आहेत दारासमोरच्या."

"मीच बांधून घेतल्या. क्लासच्या बायकांना चढउतार सोपा पडावा म्हणून."

"आणि हॉलची किल्ली कुणाकडे असते?"

"समोरच्या दुकानात. महिन्याभरापूर्वी कचेरीतलं कुणी येऊन मागून गेलं, निवारा बघायचाय म्हणून. मी गावाला होतो. दुकानदाराला नाव विचारायची बुद्धी नाही."

साहेब हॉलच्या मधोमध चटईवर बसले होते. समोर नकाशा, बाजूला चामडी पिशवी, चटईच्या कडेला नीट लावलेले बूट. कपाळावर भाऊजींच्या टेंगळाचा थोरला भाऊ.

"महिन्यापूर्वी तुम्ही कुणाला इथे पाठवलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"कुणालाच नाही. गरज काय? नकाशा झालेला होता."

"कपाटाची किल्ली?"

"एक माझ्याकडे, एक आरेखकाकडे. दिवसा उघडंच असतं. बाई, तुम्हाला वाटतंय ते मला कळतंय. पण भोंगा तोंडाला लावून 'गोदामाच्या हॉलमध्ये चला' असं मी ओरडलोय. हे चाळीस जण माझ्या शब्दावर आलेत." त्यांनी आवाज खाली आणला. "नकाशा चुकलाय म्हणायचं तर मला खात्री हवी. नुसत्या शंकेवर मी यांना पाण्यात ढकलणार नाही."

"उंची कुणी मोजली होती?"

"आरेखकानेच. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, पावसात. कामसू आहे. हंगामी होता, पुढच्या महिन्यात कायम होतोय. शिफारस मीच केलीय."

आरेखक पोरांचे ओले कपडे दोरीवर टाकत होता. वहिनींनी हाक मारल्यावर आला, पण नजर दाराकडे.

"मी अंगणात दुर्बीण लावली आणि चौथ्या पायरीवर पट्टी धरली," तो म्हणाला. "टिपणात चौथी पायरी होती. हॉलला कुलूप होतं."

"पानावरचं चित्र बघितलं नाहीत?"

"मोजायला जाताना वही कुणी नेत नाही. आकड्यांचा तक्ता नेतो आम्ही. पावसात वही भिजते."

"आणि आत कधी आला होता?"

"आजच. पहिल्यांदा."

"पोरांना वर का नेताय?"

त्याने चष्मा पुसला. "खाली गर्दी आहे. कंटाळतात."

शेवटी वहिनी काटेवाले आजोबांच्या सुनेजवळ जाऊन बसल्या. पन्नाशीची बाई, मांडीवर एका पिशवीत घरातली कागदपत्रं घेऊन बसलेली.

"मामंजी काही सांगायचे पुराचं?"

"फार नाही. दोन दिवस माळ्यावर काढले म्हणायचे, उंदरांच्या सोबतीने."

मागून साहेब म्हणाले, "घाबरलेला माणूस कुठेही चढतो."

"घाबरट नव्हते हो ते," सून म्हणाली. "दीड मणाची गोणी लादलेली ढकलगाडी दारातून सोडायचे आणि मागे धावायचे. त्यातच पायाचं बोट गेलं त्यांचं."

बारा पन्नास. भाऊजींनी दारातून मान वळवली. चौथी पायरी ओली झाली होती.

वहिनी उभ्या राहिल्या. वर्गात शिरल्यावर बोलत असाव्यात तशा, आवाज न चढवता त्या बोलल्या.

"साहेब, तुम्ही पुरावा मागितलात. पाच मिनिटं द्या. भाऊजी, या उंबऱ्यावर कसल्या चऱ्या आहेत?"

"चाकांच्या," भाऊजी म्हणाले. "मी अडखळलो त्यात."

"ढकलगाडीच्या. वर्षानुवर्षं भरलेली गाडी दारातून बाहेर गेली म्हणून दगड झिजला. आत्ता ऐकलंत, आजोबा गाडी सोडून मागे धावायचे. आता सांगा, सहा पायऱ्यांवरून गोण्यांची गाडी धावेल का?"

भाऊजींनी उंबऱ्याकडे बघितलं, मग खाली. "गाडी उलटेल. तिथे उतार असायला हवा. फळ्यांचा वगैरे."

"उतारच होता. या पायऱ्या मालकांनी क्लाससाठी बांधल्या. कधी, मालक?"

"नऊ वर्षं झाली," मालक म्हणाला. "आधी फळ्याच होत्या, खरंय." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"अडतीस वर्षांपूर्वीचं पाणी नऊ वर्षांपूर्वीच्या पायरीला लागत नाही. आजोबांच्या काळात इथे चौथी पायरी एकच होती." वहिनींनी लाकडी जिन्याकडे हात केला. "शिवाय जिना स्वतः बोलतोय. भाऊजी, चढताना काय ऐकलंत?"

"पाचवीपासून कुरकुर. खालच्या चार गप्प."

"कारण त्या चार नंतर बसवल्यात. लाकूड वेगळं, खिळे वेगळे, आणि मधोमध झीज कमी. जिन्याच्या नेमक्या खालच्या चारच पायऱ्या कुजल्या आणि पाचवी टिकली. कशाने कुजल्या, ते मी सांगायला हवं?"

 एका बाईने पोराला जवळ ओढलं.

साहेबांनी चटईवरून बूट उचलले, पण घातले नाहीत. "पान कुणी कापलं?"

"ते कळल्याशिवाय तुम्हाला अर्धीच खात्री होईल, म्हणून सांगते. ज्याने पान कापलं त्याला ठाऊक होतं की पाणी इथे आत येणार. आणि तो माणूस आज आपल्याबरोबर इथेच कोंडला गेलाय. मी एवढंच बघत होते की पाणी येणार हे ठाऊक असल्यासारखं कोण वागतंय.

"मालकांना फायदा सगळ्यात मोठा. पण त्यांनी आईची गादी दाराशी, जमिनीवर घातलीय. पाणी शिरलं तर सगळ्यात आधी तिथे. ठाऊक असलेला मुलगा हे करणार नाही. साहेब, तुमचे बूट, पिशवी, नकाशा, सगळं जमिनीवर. तुम्हाला नकाशा खरा वाटत होता.

"आणि एका माणसाने होडीतून उतरल्यापासून पिण्याचं पाणी, खाणं, औषधं आणि पोरं, जे जे वाचवायला हवं ते सगळं वर नेलं. औषधांचा डबा ठेवायला इथे टेबलं आहेत, यंत्रं आहेत. पण तो सहाव्या पायरीवर गेला. या माणसाने पाचव्या पायरीच्या खाली एकही वस्तू ठेवलेली नाही, स्वतःची पिशवी सोडून. नुसती भीती असती तर आधी पिशवी वर गेली असती. ही भीती नव्हती. टोचणी होती."

आरेखकाच्या हातातला ओला सदरा तसाच राहिला.

"काळजी कुणीही करेल," साहेब म्हणाले, पण नजर त्याच्यावरच होती.

"करेल. पण तुमचं कपाळ बघा आणि भाऊजींचं बघा. माळ्याच्या तोंडाशी काळोखात तुळई आहे. पहिल्यांदा चढणारा प्रत्येक जण तिथे आपटतो. हे म्हणतात आज पहिल्यांदा आत आलो, पण यांच्या कपाळावर आजचं टेंगूळ नाही. मग मुलाचं डोकं दाबून नेमक्या जागी वाकले कसे? कारण ते आधी एकदा आपटलेत. महिन्यापूर्वी किल्ली नेली तेव्हा."

आरेखकाने तो सदरा सावकाश दोरीवर टाकला.

"दोन टाके पडले होते," आरेखक म्हणाला. त्याने केस बाजूला केले. केसांच्या रेषेशी बारीक व्रण होता. "नकाशा छापून आला. एकदा सहज वही उघडली, आणि चित्रात लाकडी जिना. मी म्हटलं, असा जिना कुठाय? म्हणून किल्ली घेऊन बघायला आलो. इथेच उभा होतो. हा जिना बघितला आणि चढत गेलो, तुळई लागेपर्यंत."

"पान जाळलंस?" साहेबांनी विचारलं.

"कापलं. फेकवलं नाही." त्याने अंगातल्या सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली घडी काढली. "आज होडीत द्यायचं ठरवलं होतं. तुम्ही भोंग्यावर सगळ्यांना सांगत होतात, निर्धास्त या. मला तोंड उघडता आलं नाही. मग वाटलं, निदान पोरं वर असली तर..."

"आणि बाकीचे?" काटेवाल्यांच्या सुनेने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून तो प्रश्न जास्त लागला.

नकाशेवालीने घडी उलगडली. माळ्यावर बसलेला काडीसारखा म्हातारा, खाली जिना, चौथ्या पायरीवर पेन्सिलीची लाट. तिने पान साहेबांच्या हातात दिलं आणि आरेखकाकडे वळली.

"माझ्याकडे यायचं होतं ना. एक उंची परत मोजायची, एक रेघ सरकवायची. एका दुपारचं काम होतं."

"तेव्हा वाटलं, अडतीस वर्षांत आलं नाही ते पाणी आत्ता कशाला येतंय."

साहेबांनी बूट घातले. आवाज भोंग्यावरचाच होता. "सगळे उठा. मागच्या खिडकीशी या. म्हातारी माणसं आणि पोरं आधी. मालक, दोर आहेत?"

"गोण्या बांधायचे आहेत, माळ्यावर. रिकामी पिंपं पण आहेत." मालक आईची गादी गुंडाळतच बोलत होता.

"पुढे मी जातो," आरेखक म्हणाला. "गल्लीत कुठे खोल आहे ते मला माहीत आहे. होडीतून आणलेली मोजण्याची पट्टी घेऊन पाय टाकत जाईन."

हॉलमध्ये कुजबुज झाली. "याच्या भरवशावर?" कुणीतरी म्हणालं. साहेबांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी नकाशेवालीकडे. निर्णय तिचा होता.

"गल्लीची उंची तू कशी मोजलीस?" तिने विचारलं.

"गल्लीत उभं राहून. दोन वेळा. तिथे कुलूप नव्हतं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मालकाने माळ्यावरून टाकलेल्या दोराचं टोक उचललं, त्याच्या कमरेला फास घातला आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

एकच्या ठोक्याला आरेखक खिडकीतून पाण्यात उतरला. पलीकडे शाळेच्या कठड्याला त्याने दोर बांधला आणि परत आला. मग माणसं निघाली, एका हाताने दोर आणि दुसऱ्याने पिंप धरून. नकाशेवाली गल्लीच्या मध्यावर उभी राहिली. साहेब खिडकीत उभे राहून प्रत्येक डोकं मोजत होते. पोरं खांद्यांवरून गेली. मध्येच एक बाई थांबली, दोर सोडून पिंपाला कवटाळून रडू लागली, आणि काटेवाल्यांच्या सुनेने तिला मागून असं खडसावलं की ती रडायचं विसरून चालू लागली.

गिरणीच्या भिंतीची आता जेमतेम वीतभर कड दिसत होती. गल्लीतलं पाणी हलू लागलं होतं. पायांना ओढ लागत होती.

शेवटी मालकाची आई राहिली. मालक तिला घ्यायला वाकला, पण त्याला तिचं वजन पेलेना, तेव्हा आरेखकाने न विचारता म्हातारीला पाठीवर घेतलं. मालकाने आईचा पदर तिच्या कमरेला खोचून दिला. भाऊजी दोर धरून त्यांच्या अगदी मागे चालले.

दहा पावलांवर म्हातारीने खाली काळ्या पाण्याकडे बघितलं.

"पोरा, किती खोल आहे रे?"

भाऊजी तिच्या पाठीशी होते. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, थोडंच आहे, आजी. आरेखक थांबला. त्याने पट्टी तळाला टेकवली, पाणी स्थिर होईपर्यंत वाट बघितली आणि वाकून आकडा वाचला.

"इथे साडेचार फूट. पुढे खड्डा आहे, तिथे पाच. तिथे माझ्या हनुवटीला लागेल, तुम्ही छातीपर्यंत भिजाल. मग आठ पावलं झाली की चढ."

"बरं झालं सांगितलंस," म्हातारी म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी त्याचा गळा घट्ट धरला.